गरम सिलिंडरचं गणित

सोमवार, ४ नोव्हेंबर

चि. खारू,

पत्र फाडण्याआधी एवढं वाच की मी 'घरी परत ये' म्हणायला लिहीत नाहीये. पत्ता मावशीकडून घेतला. ती द्यायला तयार नव्हती, मी तिच्या पायरीवर तासभर बसून राहिलो तेव्हा कुठे दिला. तिच्यावर रागावू नकोस.

काम तुझ्या विषयाचं आहे. तू आता शाळेत रसायनशास्त्र शिकवतेस असं कळलं. तर एक विद्यार्थी आहे. वय त्रेपन्न, शिक्षण नववी, ऑक्सिजनचे सिलिंडर भरण्याचा अनुभव सत्तावीस वर्षं. त्याला वायूची गणितं येत नाहीत.

आमच्याकडे नवीन नियम आलाय. पॅनेलवर, म्हणजे त्या नळ्या, चाव्या आणि काट्यांच्या भिंतीसमोर, ज्याला उभं राहायचंय त्याने लेखी परीक्षा पास व्हायची. पन्नासपैकी तीस लागतात. मला बावीस पडले. दुसरी आणि शेवटची संधी तीस तारखेला आहे. नापास झालो तर पॅनेल सुटलं. गेटवर बसवतो म्हणायलाही साहेब तयार नाहीत. या वयात मला कोण ठेवून घेणार? आणि खरं सांगायचं तर पॅनेल सोडून माझ्याकडे आता दुसरं काही राहिलेलंही नाही.

शिकवायला एक सेफ्टीवाली बाई येते, तुझ्याच वयाची. कँटीनमध्ये फळा टांगते आणि आम्ही सहा थोराड मुलं बाकांवर बसतो. पैलवान आठवतो ना, माझ्या शेजारच्या पॅनेलवरचा, पान्याशिवाय नट आवळणारा? तो पहिल्याच दिवशी बाईंशी भांडला. गणितातला सिलिंडर पाचशे लिटरचा होता. म्हणाला, "अहो बाई, असला सिलिंडर कुठे असतो का?" बाई म्हणाल्या, "गणितात जे दिलंय ते खरं धरायचं. त्याच्यावर शंका घ्यायची नाही." आता पैलवानाला सगळी गणितं येतात. मी आहे तिथेच.

जागा कमी केली की दाब वाढतो, हे मला येतं. ते मी रोज हाताने करतो. पण तापमान बदलतं ती गणितं शिकवली त्या दिवशी मी कामाच्या पाळीवर होतो, आणि नेमकी तीच सगळी चुकलीत. बाईंनी नुसत्या लाल फुल्या मारल्यात. हे बघ: 'बंद डब्यातल्या वायूचा दाब १० अंशांना २ आहे. २० अंशांना किती?' मी लिहिलं ४. दहाचे वीस झाले, म्हणजे दोनाचे चार झाले. यात चुकलं काय?

आई गेली त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. सिलिंडर भरलेला होता, हे मी सहा वर्षांपूर्वी सांगितलं आणि आजही तेच सांगतो. परतीचं पाकीट तिकीट लावून जोडलंय.

बाबा

रविवार, १० नोव्हेंबर

चि. खारू,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज कामावरून आलो की आधी पत्रांची पेटी उघडतो आणि मग दार.

बाईंनी घरी सोडवायला वीस गणितं दिलीत. त्यातलं चौदावं वाचून मी मोठ्याने हसलो. 'सिलिंडर भरताना तापतो. भरणी थांबवली तेव्हा काटा १५० वर होता आणि सिलिंडर ६० अंशांवर. तो २० अंशांपर्यंत निवल्यावर काटा किती दाखवेल?' म्हटलं, हे तर आमच्याच घरचं! गरम सिलिंडर निवला की काटा बसतो, हे पॅनेलवरच्या झाडूवाल्यालाही माहीत आहे. म्हणून तर भरलेला सिलिंडर रात्रभर ठेवतात आणि सकाळी पुन्हा लावून वर भरतात. त्याला आम्ही 'दुसरा हात' म्हणतो. दुसरा हात लागल्याशिवाय माझ्याकडून कधी सिलिंडर बाहेर गेला नाही.

मग सोडवायला बसलो. साठाचे वीस झाले, म्हणजे एक तृतीयांश. दीडशेचे पन्नास. छे! एवढा कुठे बसतो काटा? मग किती बसतो? खारू, सत्तावीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. आम्ही आपलं 'थोडा बसतो' म्हणायचो. तो थोडा म्हणजे किती थोडा, हे मला माहीत नाही.

पैलवानाला विचारता आलं असतं, तो आनंदाने सांगेल. पण दोनदा त्याच्यापर्यंत जाऊन परत आलो. हे एक गणित मला कुणाला दाखवता येत नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

वर लिहिलंय की माझ्याकडून असा सिलिंडर कधी बाहेर गेला नाही. एकदा गेला. तो आपल्या घरी आला.

बाबा

गुरुवार, १४ नोव्हेंबर

खारू,

आज जुन्या नोंदवह्या काढल्या. स्टोअरच्या माळ्यावर गठ्ठे पडलेत. पैलवान म्हणाला, "काय शोधताय?" म्हटलं, परीक्षेचा अभ्यास. सहा वर्षांपूर्वीचं पान सापडलं. माझंच अक्षर, माझीच सही. प्रत्येक सिलिंडरपुढे दोन आकडे लिहायचे असतात, काटा आणि अंगाची उष्णता. तुझ्या आईच्या सिलिंडरपुढे मी लिहिलंय १५० आणि त्याच्या शेजारी ६०.

आता ताकाला जाऊन भांडं किती लपवू? सांगतो.

आईला दिवसरात्र ऑक्सिजन लागायचा, म्हणून तिच्यासाठी मी दोन सिलिंडर फिरवायचो. एक घरात चालू, दुसरा प्लांटवर भरून, निवून, दुसरा हात लागून तयार. त्या आठवड्यात कामाचा लोंढा होता आणि दुसरा भरायचाच राहिला. घरचा संपत आलेला. मी तो दुपारी पॅनेलवर लावला, दीडशेवर काटा आला, आणि बाहेर आपल्या घराकडे येणाऱ्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. त्याची गाडी सुटली असती तर दुसरी तासाभराने होती. म्हटलं, निवायला थांबलो तर रात्र होईल. पोतं गुंडाळून गरम सिलिंडर गाडीत टाकला. एका हॉर्नपायी, खारू.

घरी लावला तेव्हा चार वाजले होते. तोपर्यंत चटका जाऊन नुसती ऊब राहिली होती. तुझ्या आईचे हात नेहमीसारखे गार. तिने तळवा टेकवला आणि म्हणाली, "अगंबाई, किती छान शेक लागतोय याचा." तू तिथेच पुस्तक घेऊन बसली होतीस. दुसऱ्या दिवशी तुझा पेपर होता.

घरच्या काट्याची काच कधीच फुटली होती आणि काटा वाकला होता. तू दोनदा म्हणालीस, बाबा, बदलून आणा. मी म्हणालो, "घरचा काटा कशाला हवा? मी भरलाय ना?" माझा हिशेब पाठ होता. सिलिंडरच्या पोटात सेहेचाळीस लिटर पाणी मावतं. दीडशे गुणिले सेहेचाळीस म्हणजे सहा हजार नऊशे लिटर. मिनिटाला पाच लिटर जातो, म्हणजे तेवीस तास. आज चारला लावला तर उद्या तीनला संपणार. मी एकला पुढचा घेऊन येतो, दोन तास हातात राहतात. तू विचारलंस, "पेपरला जाऊ ना? की थांबू?" मी म्हणालो, "बिनधास्त जा. भरलेला आहे."

तू नऊला गेलीस. मी एक वाजून पाच मिनिटांनी आलो. तिच्या एकाच पायात चप्पल होती. उठायला गेली असणार, फोन स्वयंपाकघरात होता.

आता ते चौदावं गणित लावून बघ. दीडशेचे जर पन्नास झाले असतील तर सिलिंडर पावणेआठ तासांत, म्हणजे आदल्या रात्री बाराच्या आतच संपायला हवा होता. पण सकाळी मी सहाला निघालो तेव्हा तो चालू होता. तू निघालीस तेव्हाही चालू होता. म्हणजे गणित खोटं आहे. गणित खोटं असेल तर गरम-गारचा काही संबंध नाही. मग मी तेव्हा म्हणालो तेच खरं राहतं. हो ना?

पंधरा वेळा सोडवलं. प्रत्येक वेळी पन्नासच येतात. आणि प्रत्येक वेळी वाटतं की चूक कुठेतरी आहे, ती सापडली की खरा आकडा बाहेर पडेल. तो आकडा मला हवाही आहे आणि नकोही आहे. जेवण जात नाही. पॅनेलवर पैलवान माझ्या चाव्या पुन्हा तपासतो.

कुठे चुकतंय ते सांग. परीक्षेसाठी नाही, परीक्षा गेली खड्ड्यात. सहा वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे एक मागतो. तुझ्या पाया पडतो.

बाबा

बुधवार, २० नोव्हेंबर

खारू,

तुझं कार्ड आलं. मायना नाही, सही नाही, नुसती एक ओळ: 'दोन्ही तापमानांत २७३ मिळवा, मग भागा.' अक्षर तुझंच आहे. पाचवीत होतीस तेव्हाही सात असाच वाकडा काढायचीस.

का मिळवायचे, ते बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आपण थंडीचं शून्य धरतो ते खरं शून्य नाहीच. ते माणसाने सोयीसाठी मधेच कुठेतरी धरलंय. खरं शून्य २७३ अंश खाली आहे, मोजायचं तिथून. म्हणून दहाचे वीस अंश झाले तरी उष्णता दुप्पट होत नाही. मी मान डोलावली आणि संडासात जाऊन कागद काढला, कारण माणसांसमोर हे गणित मांडायची हिंमत नव्हती.

साठ अधिक २७३, तीनशे तेहेतीस. वीस अधिक २७३, दोनशे त्र्याण्णव. दीडशे गुणिले दोनशे त्र्याण्णव भागिले तीनशे तेहेतीस.

उत्तर १३२.

मला वाटलं होतं, दीडशे तरी येतील नाहीतर पन्नास तरी. निर्दोष तरी ठरेन नाहीतर गणित तरी खोटं ठरेल. १३२ म्हणजे 'थोडा बसतो'. आम्ही म्हणायचो तेवढाच. १३२ गुणिले सेहेचाळीस भागिले पाच. वीस तास आणि चौदा मिनिटं. चार वाजता लावलेला सिलिंडर दुसऱ्या दिवशी सव्वाबाराला संपला. मी पोचलो एक वाजून पाच मिनिटांनी. त्या पन्नास मिनिटांत ती घरात एकटी होती.

आता पुढचं लिहायचं आहे. पेन तीनदा खाली ठेवलं.

तू पेपर देऊन आलीस तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. मामा, मावशी, शेजारचे सगळे. मामाने मला विचारलं, "भावोजी, तीनपर्यंत पुरणार होता ना?" आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हिनेच जाताना नळ जास्त उघडला असणार. नाहीतर माझा सिलिंडर तीनच्या आत संपूच शकत नाही." तू दारात उभी होतीस, हातात प्रश्नपत्रिका. तू म्हणालीस, "बाबा, मी हात लावला नाही." एकदाच म्हणालीस. मामाने तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी तू पिशवी घेऊन मावशीकडे गेलीस.

'उचलली जीभ, लावली टाळ्याला' असं लिहून मला सुटता येईल. पण तसं झालेलं नाही. नळाच्या चाकीवर मी पाचाच्या जागी लाल रंगाची रेघ मारली होती, आईला चष्म्याशिवाय दिसावी म्हणून. आठवते ना? मी आत आलो तेव्हा ती रेघ जागच्या जागी होती. पाचावर, केसभरही इकडेतिकडे नाही. ती मी पाहिली. तू नळाला हात लावला नव्हतास हे मला तेव्हाच, त्या खोलीत, सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

मग मी चाकी फिरवून नळ बंद केला. रिकामा सिलिंडर बंद करायचा असतो, हाताची सवय. रेघ हलली. त्यानंतर पाहणारा कुणी राहिला नाही. दोन तास मी तिच्या शेजारी बसून होतो, आणि त्या दोन तासांत एवढंच ठरवलं की माणसं विचारतील तेव्हा काय सांगायचं. गरम सिलिंडर आणल्याचं सांगितलं असतं तर सगळे मला काय म्हणाले असते, याची भीती वाटली. ते तुला म्हणाले. मी माझं खापर माझ्या अठरा वर्षांच्या लेकीच्या डोक्यावर फोडलं आणि सहा वर्षं ते तिथेच राहू दिलं.

माफी मागायला तोंड नाही. उत्तर बरोबर आहे का, एवढंच कळव.

बाबा

रविवार, २४ नोव्हेंबर

खारू,

आज मामाकडे गेलो होतो. सहा वर्षांपूर्वी जे चारचौघांत बोललो ते एकट्याने कागदावर लिहून फिटणार नाही, हे मला कळतं. मावशीलाही तिथेच बोलावून घेतलं. त्या दिवशी घरात असलेल्या शेजाऱ्यांकडे काल जाऊन आलो.

कागदावर सगळं गणित लिहून नेलं होतं. मामाला समोर बसवलं आणि साठात २७३ मिळवायला सुरुवात केली. तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "भावोजी, मला यातलं शष्प कळत नाही. सरळ सांगा ना काय ते."

मी म्हणालो, "सिलिंडर कमी भरला होता. मी भरला होता. पोरीने नळाला हात लावला नव्हता, आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं."

मामाने कागद उलटा ठेवला. मग त्याने विचारलं, "त्याच दिवशी?" मी हो म्हणालो. तो उठून आत गेला. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाला, "माझ्या बहिणीचं एक वेळ समजू शकतो. चूक होते माणसाकडून. पण त्या पोरीशी मी सहा वर्षं बोललो नाही. माझ्या दारावरून गेली तर मी खिडकी लावून घेतली. ते कसं भरून देणार आहात तुम्ही?" मावशी रडत होती. ती एवढंच म्हणाली, "मला माहीत होतं. ती कधी खोटं बोलत नाही." चहा कुणी विचारला नाही, आणि बरं झालं.

निघताना मामाने तो कागद मागून घेतला.

बाबा

मंगळवार, ३ डिसेंबर

प्रिय खारू,

परीक्षा झाली. निकाल काल लागला, पन्नासपैकी छत्तीस. चौदावं गणित आकडे बदलून आलं होतं. सोडवलं. पैलवानाने पाठीवर अशी थाप मारली की खांदा अजून दुखतोय.

पण पॅनेल मिळेल की नाही, माहीत नाही. परीक्षा संपल्यावर मी बाईंना नोंदवहीतलं ते पान दाखवलं आणि सगळं सांगितलं. दुसरा हात न लागलेला सिलिंडर बाहेर नेणं हा गुन्हाच आहे, तेव्हाही होता. त्यांनी पान पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "हे मला वर कळवावं लागेल." म्हटलं, कळवा. चौकशी होईपर्यंत मी घरी आहे. पॅनेलवर त्यांनी एक पाटी लावलीय: गरम सिलिंडरचा काटा वाचू नये.

घरी आलो तर पेटीत तुझं पत्र. उभ्यानेच वाचलं.

'उत्तर बरोबर. १३२ च्या पुढे एकक लिहायचं राहिलं, बार.' एवढं वाचून हसू आलं आणि खाली बसलो. बाईंनीही त्याचा अर्धा गुण कापला असता.

त्याच्याखाली तू जे लिहिलंयस ते मी पुन्हा लिहितो, म्हणजे मी ते नीट वाचलं हे तुला कळेल. 'आई म्हणाली तेव्हा मीही सिलिंडरला हात लावला होता. गरम होता. मांडीवर तेच पुस्तक होतं, तोच वायूंचा धडा. २७३ मला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात मी असलंच गणित सोडवलं आणि पूर्ण गुण मिळाले. घरी येताना रस्त्यात लक्षात आलं, आणि मी पळत आले. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात तेव्हा मला वाटलं, नळ नाही उघडला, पण दोष माझाच आहे. म्हणून मी एकदाच बोलले.'

सहा वर्षं! आणि मी समजत होतो की तू माझ्यावर रागावून गप्प आहेस.

पोरी, आता मी सांगतो ते ऐक. रसायनशास्त्र मला महिन्याभराचंच येतं, पण एक नियम पक्का शिकलोय. गणितात जे दिलंय ते खरं धरायचं, त्यावर शंका घ्यायची नाही. तुला दिलं होतं: सिलिंडर भरलेला आहे, तीनपर्यंत पुरेल, बाबा एकला येतील, बिनधास्त जा. अठरा वर्षांच्या मुलीने बापाने दिलेलं खरं धरलं आणि ती पेपरला गेली. तू कुठेही चुकली नाहीस. तुला दिलेलंच चूक होतं, आणि ते मी दिलं होतं. या गणितात तू तुझा दोष मिळवू नकोस.

तू यावंस असं लिहीत नाही. पहिल्याच पत्रात तसं कबूल केलंय. घरच्या काट्याला मात्र काल नवीन काच बसवून आणली. सिलिंडर नाही, काही नाही, तरी आणली. तू दोनदा सांगितलं होतंस.

तुझा बाबा